मेकॅनिक ते कारखानदार : जॅक ब्रॅबमची गोष्ट

चेसिंग्टन म्हटलं की आपल्या घरातल्या बाळगोपाळांना पाळणे आणि प्राणिसंग्रहालय आठवतं, आणि आई-वडिलांना तिकिटांचे पैसे. पण ए-३ रस्त्याच्या आजूबाजूचा हा सगळा पट्टा, म्हणजे सरबिटन, चेसिंग्टन, बायफ्लीट, वोकिंग, आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून आलेल्या दोन माणसांनी इथे शर्यतीच्या मोटारी बनवून विकण्याचा धंदा सुरू केला. दहा वर्षांत त्यांच्या कारखान्यातून पाचशेहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी एक जण विमानाची इंजिनं दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. त्याचं नाव जॅक ब्रॅबम.

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. पीएच.डी.पर्यंत शिकलो, पण गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली की शेजाऱ्यांची बेल वाजवतो. मग हा विषय आम्हाला का सुचला? मंडळात गेली काही वर्षं एक प्रश्न वारंवार कानावर येतो. मुलगा किंवा मुलगी सोळा वर्षांची होते आणि म्हणते, "मला ए-लेव्हल नको, मला वर्कशॉपमध्ये उमेदवारी करायची आहे." त्यानंतर घरात जी शांतता पसरते, ती आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. "आम्ही इतकी वर्षं इथे राबलो ते काय तू पाना फिरवावास म्हणून?" हे वाक्य कोणी उच्चारतं, कोणी नुसतं मनात म्हणतं. या शांततेत भर घालण्यापूर्वी सर्वांनी ब्रॅबमची गोष्ट ऐकावी, एवढीच आमची विनंती आहे.

भाजीवाल्याचा मुलगा

जॅकचा जन्म २ एप्रिल १९२६ रोजी सिडनीजवळच्या हर्स्टव्हिल गावी झाला. वडिलांचा भाजीपाल्याचा व्यवसाय होता. घरात ट्रक होते आणि बाराव्या वर्षीच मुलगा ते चालवायला शिकला होता. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली. दिवसा काम आणि संध्याकाळी तांत्रिक विद्यालयात मेकॅनिकल इंजिनीअरिंगचे वर्ग असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. फावल्या वेळात तो जुन्या मोटारसायकली विकत घ्यायचा आणि दुरुस्त करून विकायचा. धंद्याचं पहिलं शिक्षण तिथेच झालं.

अठराव्या वर्षी तो ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात गेला. त्याला व्हायचं होतं वैमानिक, पण दलाला हवे होते मेकॅनिक. मग त्याने ब्यूफायटर विमानांची देखभाल केली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रस्त्यावरची गाडी बंद पडली तर माणूस खाली उतरून ढकलतो, विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर उतरायची सोय नसते. तिथल्या कामात 'चालेल, बघू नंतर' हे शब्द बसत नाहीत.

१९४६ साली तो दलातून बाहेर पडला आणि दुरुस्ती व लेथकामाचं छोटं वर्कशॉप चालवू लागला. जॉनी शोनबर्ग नावाच्या अमेरिकन मित्राला मातीच्या गोल मैदानावर छोट्या मोटारी पळवायचा नाद होता. जॅकने त्याच्यासाठी तशी एक गाडी बांधली. शोनबर्गच्या पत्नीला नवऱ्याचा हा जीवघेणा उद्योग पसंत नव्हता, तेव्हा त्याने शर्यती सोडल्या. गाडी तयार आणि चालवणारा कोणी नाही, म्हणून बांधणाराच आत बसला! १९४८ साली तो या प्रकारातला ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला.

एका हंगामासाठी

१९५५ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या एका शर्यतीत इंग्लंडहून आलेल्या एका जाणकाराने त्याला सुचवलं, की एक हंगाम युरोपात येऊन बघ. फक्त एक हंगाम. वाचकहो, 'दोन वर्षं जाऊन येतो' असं आईला सांगून विमानात बसलेल्यांची आपल्याकडे वानवा नाही. जॅकचा एक हंगाम सोळा वर्षं चालला.

इथे आल्यावर तो सरबिटनच्या कूपर कारखान्यात घुटमळू लागला. चार्ल्स आणि जॉन कूपर हे बाप-लेक गाड्या बांधत. त्यांच्याकडे भल्यामोठ्या पदव्यांचं प्रस्थ नव्हतं. कोणाला वेल्डिंग येतं, कोणाला लेथ चालवता येतो, ते महत्त्वाचं. जॅकने तिथेच स्वतःसाठी गाडी जुळवली आणि त्याच वर्षी ती ब्रिटिश ग्राँ प्रीमध्ये पळवली. चार वर्षांनी, १९५९ मध्ये, तो जगज्जेता झाला. अमेरिकेतल्या सेब्रिंग इथल्या त्या शेवटच्या शर्यतीत अखेरच्या फेरीत पेट्रोल संपलं, तेव्हा पठ्ठ्या खाली उतरला आणि गाडी ढकलत चौथ्या क्रमांकाने रेषेपार गेला. १९६० साली त्याने लागोपाठ पाच शर्यती जिंकून पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं.

दोनदा जगज्जेता झालेला चालक दुसऱ्याच्या गाडीत सुखाने बसून राहिला असता, तर त्याला कोणी नाव ठेवलं नसतं. पण वर्कशॉप चालवलेल्या माणसाच्या डोक्यात एक हिशेब सतत चालू असतो : हा भाग असा का बनवला? मी बनवला असता तर कसा बनवला असता? त्या हिशेबाचं उत्तर एकट्याने निघणार नाही हेही जॅकला कळत होतं.

नाव पुढे एकाचं, डोकं दोघांचं

सिडनीत रॉन टॉरानॅक नावाचा एक इंजिनीअर होता. जन्म इंग्लंडमधला, लहानपणीच आई-वडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलेला. भावाबरोबर हौसेने शर्यतीच्या गाड्या बांधायचा. जॅकची त्याच्याशी तिथल्या शर्यतींमधली ओळख होती, आणि इंग्लंडला आल्यावरही तो रॉनचा सल्ला घेत असे. १९६० मध्ये जॅकने त्याला इकडे बोलावून घेतलं.

चेसिंग्टनला जॅकचं गॅरेज होतं. तिथे साध्या घरगुती गाड्यांना जास्त ताकदीची इंजिनं आणि सुटे भाग बसवून देण्याचं काम चाले. ट्रायम्फ हेरल्डसारखी नेमस्त गाडीसुद्धा तिथून वाघ होऊन बाहेर पडे. या कामातून पोटापाण्याची सोय झाली आणि दुसरीकडे रॉन शर्यतीच्या पहिल्या गाडीचा आराखडा करू लागला. जॅक अजून कूपरसाठी गाडी चालवत होता, त्यामुळे हे सगळं गुपचूप चाललं होतं. १९६१ मध्ये कंपनी रीतसर उभी राहिली : मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्स.

पहिल्या गाडीचं नाव कंपनीच्या आद्याक्षरांवरून एम.आर.डी. ठेवलं. तेव्हा फ्रेंच भाषा जाणणाऱ्या एका पत्रकाराने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की बाबांनो, ही तीन अक्षरं फ्रेंचमध्ये भरभर म्हटली तर शौचालयात शोभणारा शब्द ऐकू येतो. नाव ताबडतोब बदललं आणि गाडी 'ब्रॅबम' झाली. मात्र प्रत्येक नमुन्याच्या क्रमांकाआधी 'बी.टी.' ही अक्षरं राहिली, ब्रॅबमचा बी आणि टॉरानॅकचा टी. पाटीवर एकाचं आडनाव असलं तरी प्रत्येक गाडीच्या अंगावर दोघांची सही होती. भागीदारीत दुकान टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी ही बारीकशी गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

जे मोडेल ते दुरुस्त व्हावं

आता या गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ. १९६२ साली लोटस कंपनीने शर्यतीच्या गाडीची रचनाच बदलून टाकली. त्याआधी गाडीचा सांगाडा म्हणजे पोलादी नळ्या एकमेकींना जोडून केलेला पिंजरा असे. लोटसने पत्र्याची डब्यासारखी एकसंध चौकट केली. ती हलकी होती आणि मजबूतही. हळूहळू सगळे मोठे संघ त्या वाटेने गेले.

ब्रॅबम आणि टॉरानॅक मात्र नळ्यांच्या पिंजऱ्यालाच धरून राहिले. त्यांना नवं तंत्र कळत नव्हतं असं नाही. पण त्यांची गाडी विकत घेणारा कोण होता? बहुतेक वेळा एखादा होतकरू तरुण. सोबत एक मेकॅनिक, गाडीमागे जोडलेला ट्रेलर आणि खिशात जेमतेम पुढच्या शर्यतीपुरते पैसे. रविवारी गाडी धडकली, तर पुढच्या रविवारपर्यंत ती उभी राहायला हवी. पत्र्याचा डबा चेपला तर तो कारखान्यात न्यावा लागतो. नळी वाकली तर ती कापायची, नवी जोडायची आणि वेल्डिंग करायचं. हे काम एखादा हुशार मेकॅनिक मैदानाच्या कडेला उभा राहून करू शकतो.

हा विचार कोणाला सुचेल? ज्याने स्वतः रात्री बारा वाजता कंदिलाच्या उजेडात असं काम केलं आहे त्यालाच. ब्रॅबमच्या गाड्या मजबूत आणि सरळ, समजायला सोप्या म्हणून नावाजल्या गेल्या, आणि म्हणूनच खपल्या. त्या दशकात ग्राहकांसाठी अशा शर्यतीच्या गाड्या बनवणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना हाच होता. फॉर्म्युला वनचा स्वतःचा दिमाख नंतर, आधी ग्राहकाच्या गाड्या, हा क्रम त्यांनी इतका पाळला की १९६२ च्या मोसमाच्या सुरुवातीला जॅकला स्वतःला चालवायला स्वतःच्या कारखान्याची गाडी तयार नव्हती. त्याने चक्क विकत घेतलेली लोटस चालवली!

फॉर्म्युला वनमध्ये ब्रॅबमने नळ्यांचा सांगाडा अखेर १९७० साली सोडला, तोही पेट्रोलच्या टाक्यांच्या सुरक्षिततेचे नवे नियम आले तेव्हा.

जुन्या ब्लॉकमधून जगज्जेतेपद

१९६६ मध्ये फॉर्म्युला वनचे नियम बदलले. इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून एकदम तीन लिटर झाली. इंग्लंडमधल्या बहुतेक संघांना इंजिन पुरवणाऱ्या कंपनीने अंग काढून घेतलं आणि सगळीकडे धावाधाव सुरू झाली. जॅक वळला तो आपल्या मायदेशाकडे. मेलबर्नची रेप्को ही कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवणारी. पिस्टन, बेअरिंग आणि गॅरेजची हत्यारं हा तिचा व्यवसाय. ग्राँ प्रीचं इंजिन तिने कधीच बनवलं नव्हतं.

इथे आमच्यातला रसायनशास्त्रज्ञ डोकं वर काढतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा इंजिन-ब्लॉक हे प्रत्येक शर्यतवाल्याचं स्वप्न, पण नवा ओतायचा म्हणजे साचे आले, चाचण्या आल्या आणि खर्च आला. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलच्या एका घरगुती गाडीसाठी असा ब्लॉक बनवला होता आणि पुढे तो बंदही केला होता. त्याच कुळातलं इंजिन नंतर रोव्हर कंपनीने घेतलं. रस्त्यावर जुनी रेंज रोव्हर दिसली तर समजा की तिच्या पोटात या घराण्याचा वंशज आहे. रेप्कोने ओल्डस्मोबिलचा तो ब्लॉक पाया म्हणून घेतला आणि फिल अर्व्हिंग या अनुभवी इंजिनीअरने त्यावर नवं इंजिन उभं केलं.

ताकद म्हणाल तर सुमारे ३०० अश्वशक्ती. फेरारीचं बारा सिलिंडरचं इंजिन याहून दणकट होतं. पण रेप्कोचं इंजिन हलकं, आटोपशीर आणि विश्वासाचं होतं. बाकीचे धूर सोडत कडेला थांबत तेव्हा हे गुरगुरत पुढे जाई. जॅकने फ्रान्स, ब्रिटन, हॉलंड आणि जर्मनी अशा चार ग्राँ प्री लागोपाठ जिंकल्या. त्यावेळी तो चाळीस वर्षांचा होता. वर्तमानपत्रं त्याला म्हातारा म्हणू लागली, तेव्हा हॉलंडच्या शर्यतीआधी तो खोटी दाढी लावून, हातात काठी म्हणून जॅकचा दांडा घेऊन लंगडत लंगडत गाडीपर्यंत गेला, आणि मग शर्यत जिंकला.

त्या वर्षी तो तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. स्वतःच्या नावाच्या गाडीत बसून जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला, आणि आजपर्यंतचा एकमेव माणूस.

गॅरेजातून निघालेली माणसं

कारखान्यातून गाड्या निघाल्या, तशी माणसंही निघाली. न्यूझीलंडहून आलेला डेनी हल्म जॅकच्या चेसिंग्टनच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून काम करत होता. १९६७ मध्ये तो ब्रॅबमच्याच गाडीत जगज्जेता झाला, आणि दुसरा आला तो त्याचा मालक! मालकाने नोकराला मागे ठेवण्यासाठी गाडीत काही कमी केलं असं कोणी म्हटलं नाही. याला दिलदारपणा म्हणा किंवा धंद्याची जाण म्हणा.

वोकिंगचा रॉन डेनिस सोळाव्या वर्षी शाळा सोडून मोटारीच्या कामात शिरला. आधी कूपरकडे, मग १९६८ पासून ब्रॅबमकडे तो मेकॅनिक होता आणि पुढे जॅकच्याच गाडीची जबाबदारी त्याच्यावर आली. १९७१ मध्ये त्याने एका सहकाऱ्याबरोबर स्वतःचा छोटा संघ काढला, तोही ब्रॅबमच्या गाड्या घेऊनच. पुढे मॅक्लारेनला त्याने कुठे नेऊन ठेवलं ते सर्वांना ठाऊक आहे. २००८ पासून फॉर्म्युला वनमधल्या सगळ्या संघांच्या गाड्यांत इंजिनाचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी त्याच्या समूहातल्या कंपनीकडून येऊ लागली, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गाडीतसुद्धा यांचाच सुटा भाग. फ्रँक विल्यम्सने १९६९ साली फॉर्म्युला वनमध्ये पाऊल टाकलं तेही विकत घेतलेली ब्रॅबम घेऊनच.

१९७० च्या अखेरीस, चव्वेचाळिसाव्या वर्षी, जॅकने शर्यती सोडल्या. आपला हिस्सा टॉरानॅकला विकला आणि तो ऑस्ट्रेलियाला परतला. 'एक दिवस परत जायचं' हे आपल्याकडे बैठकीत बोलायचं वाक्य आहे, त्याने ते खरं केलं. पण सगळे धागे तोडले नाहीत. रेप्को इंजिनांवर काम केलेला जॉन जड हा इंजिनीअर आणि जॅक यांनी १९७१ मध्ये रग्बी इथे शर्यतीची इंजिनं बांधणारी कंपनी काढली. 'जड' नावाची इंजिनं पुढे फॉर्म्युला वनमध्ये धावली. टॉरानॅकने वर्षभरातच मूळ कंपनी बर्नी एकलस्टनला एक लाख पौंडांना विकली आणि काही वर्षांनी 'रॅल्ट' या नावाने पुन्हा ग्राहकांसाठी गाड्या बांधायला घेतल्या. १९९२ साली ब्रॅबम संघ आर्थिक ओढाताणीत बंद पडला तेव्हा त्या दोघांचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. जॅकचं २०१४ मध्ये आणि रॉनचं २०२० मध्ये निधन झालं.

आपल्या घरात

ही गोष्ट सांगून 'शिक्षण सोडा आणि पाना धरा' असा उपदेश आम्हाला करायचा नाही. प्रत्येक मेकॅनिकचा कारखाना होत नाही. शर्यतीचं क्षेत्र बेभरवशाचं आहे, रात्री-अपरात्रीचं काम आहे आणि त्या काळात तर ते जिवावरचं होतं. जॅकच्या संघातून १९६८ साली गाडी चालवणारा योखेन रिंट दोनच वर्षांनी मोंझाच्या सरावात, दुसऱ्या संघाच्या गाडीत, मृत्यू पावला. अशा जगात भाग बनवणाऱ्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो. म्हणूनच ते काम शिकण्याचं आहे, आणि मन लावून शिकण्याचं आहे.

आम्हाला सांगायचं आहे ते इतकंच, की जॅकनेही शिक्षण सोडलं नव्हतं. दिवसा काम आणि रात्री वर्ग हेही शिक्षणच. आणि जिथे आराखड्याचं ज्ञान कमी पडलं तिथे त्याने ते जाणणारा माणूस हजारो मैलांवरून बोलावून घेतला. हाताचं ज्ञान आणि कागदावरचं ज्ञान एका टेबलाशी बसली म्हणून कारखाना झाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक फेरी मारली तरी हे पटेल. तिथे फाउंड्री आणि मशिनशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते आम्हाला प्रयोगशाळेत उपकरण लावून मोजावं लागतं. तिथे त्याला आपण मानाने 'मिस्त्री' म्हणतो. मग इथे आल्यावर तेच काम आपल्या मुलाने करायचं म्हटलं तर मान खाली का जावी?

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर उमेदवारीची रीतसर सोय आहे. उमेदवाराला पगार मिळतो आणि शिक्षणाची फी भरावी लागत नाही. तिसऱ्या पातळीची उमेदवारी ए-लेव्हलच्या बरोबरीची मानली जाते, आणि २०१५ पासून थेट पदवीपर्यंत नेणाऱ्या उमेदवाऱ्याही आहेत. विद्यापीठाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी १९९८ पासून विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून उतरायची 'फॉर्म्युला स्टुडंट' ही स्पर्धा आहे. थोडक्यात, दोन्ही वाटा पुढे कुठेतरी भेटतात. मुलाने विचारलं तर नकार देण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन यावं आणि तो तिथे हत्यारांकडे कसा बघतो ते पाहावं.

मंडळाच्या पुढच्या मार्गदर्शन सत्रात डॉक्टर, अकाउंटंट आणि संगणकवाल्यांच्या रांगेत एक खुर्ची वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यासाठी ठेवावी, असं कार्यकारिणीत ठरवून घ्यायचा आमचा विचार आहे. आपल्या सभासदांत टर्नर, फिटर, वेल्डर, गॅरेजवाले किंवा सुटे भाग बनवणारे कोणी असतील, तर त्यांनी आपलं नाव समितीकडे जरूर द्यावं. मुलांचे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि त्यांची उत्तरं आमच्यासारख्या डॉक्टरेटवाल्यांकडे नाहीत.